थांबलेल्या जीपनीतला घाम

जीपनी हे मनिला शहराचे ओळखीचे वाहन. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या उरलेल्या जीपगाड्या लांबवून ती तयार झाली. जुन्या पद्धतीच्या जीपनीत समोरासमोरच्या दोन लांब बाकांवर माणसे दाटीने बसतात. खिडक्यांना काचा नसतात. गाडी धावते तोवर बरे वाटते; वाहतुकीत अडकली की जीव कासावीस होतो. हवेचे तापमान तर तेवढेच असते. मग फरक कशाने पडतो?

घाम वाळतो तेव्हा आपले शरीर थंड होते. १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. घाम नुसता ठिबकला तर हा लाभ मिळत नाही. मनिला समुद्रकाठी आहे. तिथल्या हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने घाम सावकाश वाळतो. चालत्या गाडीतला वारा अंगालगतची दमट हवा दूर नेतो. गाडी थांबली की ती तिथेच साचते.

म्हणून तापमान व आर्द्रता मिळून 'उष्णता निर्देशांक' काढतात. ३२ अंश सेल्सिअस व ७० टक्के आर्द्रता असता तो ४० अंशांच्या आसपास येतो. फिलिपाइन्सचे हवामान खाते ४२ अंशांपासून पुढे धोका मानते. एप्रिल २०२४च्या अखेरीस उकाड्यामुळे तिथल्या सरकारी शाळांतले वर्ग दोन दिवस बंद ठेवावे लागले.

वर्गात हे पडताळून पाहू. दोन तापमापी घेऊ. एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून दोन्हींना वारा घालू. कोरड्या दिवशी दोहोंतला फरक मोठा येईल, पावसाळ्यात लहान. फरक जितका लहान, तितका आपला घाम कमी उपयोगी!