पाच थर आणि एक फट

प्रोजेक्टचा सीझन आला, की 'मिनी फ्रिज' हा आयटम ठरलेला! पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून किंवा ऑनलाइन एक पांढरी चौकोनी पेल्टियर प्लेट आणायची आणि बारा व्होल्टला जोडायची. एक बाजू गार, दुसरी चांगलीच गरम. प्लेटवर बऱ्याचदा 'टीईसी१-१२७०६' असं छापलेलं असतं. १२७ म्हणजे आतल्या जोड्या, ०६ म्हणजे सहा अँपिअर. पण त्या जोड्या कशाच्या? रिपोर्टमध्ये तुम्ही 'सेमीकंडक्टर' एवढंच लिहून पुढे सरकता आणि व्हायवाला बाहेरून आलेले सर नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तर उत्तर आहे बिस्मथ टेल्युराइड आणि त्याची मिश्रणं. बिस्मथचे दोन अणू, टेल्युरियमचे तीन. पण खरी गंमत मांडणीत आहे. टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम असा पाच थरांचा एक गठ्ठा, जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. गठ्ठ्याच्या आत अणूंनी एकमेकांना घट्ट धरलेलं असतं. पण एक गठ्ठा संपून दुसरा सुरू होतो, तिथे टेल्युरियमसमोर पुन्हा टेल्युरियमच येतो आणि तिथली पकड ढिली असते. त्यामुळे हा स्फटिक त्या फटीतून पापुद्र्यासारखा सुटतो.

असा सुटणारा स्फटिक आपल्या जिल्ह्यातही सापडतो बरं का! राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या खाणीतले स्फटिक जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेला अपोफिलाइट त्यांतलाच. त्याच्या ग्रीक नावातच पानासारखं सुटणं आहे. त्याची रसायनं अगदी वेगळी. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या चादरी, मध्ये कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाणी. नियम मात्र तोच: जिथे पकड ढिली, तिथे स्फटिक सुटणार.

एक नॅनोमीटरचा गठ्ठा मोजायचा कसा? बारावीतला ब्रॅगचा नियम आठवा आणि कॅल्क्युलेटर घ्या. तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर, गठ्ठ्यांमधलं अंतर १.०१६ नॅनोमीटर, आणि एनची किंमत २. दोन थीटा येईल सुमारे १७.४ अंश. या पदार्थाच्या एक्सआरडी आलेखात, थर आडवे बसलेले असतील तर, याच जागी रेषा दिसते. पाठ करून विसरलेलं समीकरण असं कामाला येतं!

आता मुद्द्याचं. पेल्टियर प्लेटला वीज सहज वाहू देणारा, पण उष्णता अडवणारा पदार्थ लागतो. नाहीतर गरम बाजूची उष्णता मागच्या दाराने गार बाजूला परत येईल. उष्णता अणूंच्या कंपनांमधून पुढे जाते. इथे अणू जड आणि त्यांच्यातले बंध मऊ, त्यामुळे कंपनं रमतगमत जातात. वीज मात्र थरांच्या दिशेने चांगली वाहते. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड आणि डग्लस यांनी या पदार्थाने गारवा निर्माण करून दाखवला आणि खोलीच्या तापमानाला आजही याच कुटुंबाचा वापर होतो. त्याची दुसरी बाजूही आहे. फटीमुळे स्फटिक सहज तुटतो, म्हणून मजबुतीसाठी काही ठिकाणी त्याची भुकटी दाबून तुकडे बनवतात. गुण आणि दोष एकाच रचनेतून आलेले.

उत्सुकतेपोटी प्लेट फोडून बघू नका. तिची धूळ विषारी असते. टेल्युरियम शरीरात गेलं, तर श्वासाला चक्क लसणाचा वास येतो! त्यापेक्षा भूगर्भशास्त्र विभागात अपोफिलाइटचा नमुना असेल, तर तो बघायला मागा.

आणि 'असलं संशोधन आयआयटीवाल्यांचं' असं म्हणू नका. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने सल्फाइड आणि सेलेनाइड या टेल्युराइडच्या भावंडांचे पातळ थर रासायनिक द्रावणातून बनवण्याच्या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं. बीकर, काच आणि द्रावण एवढ्यावर ही पद्धत सुरू होते. पुढचं प्रोजेक्ट निवडताना सरांना विचारा, 'एक्सआरडी कुठे करून मिळेल?' मिनी फ्रिज तर दरवर्षी कुणीतरी करतंच.