घरच्या घरी नक्षीदार चिकटपट्टी



भेटकार्डावर, वहीच्या कव्हरावर किंवा शाळेच्या तक्त्यावर लावलेली रंगीत, नक्षीदार कागदी चिकटपट्टी तुम्ही पाहिली असेल. दुकानात ती 'वाशी टेप' या नावाने मिळते. 'वा' म्हणजे जपानी आणि 'शी' म्हणजे कागद. या पट्टीची खरी गंमत नक्षीत नाही. ती हवी तेथे चिकटते आणि हवी तेव्हा खालचा कागद न फाडता निघूनही येते. चिकटणे आणि सुटणे हे दोन विरुद्ध गुण एकाच पट्टीत कसे नांदतात? आज ही पट्टी आपण घरी करू आणि उत्तरही तिच्याकडूनच मिळवू.

हा प्रश्न माझ्या मनात का रुतला ते आधी सांगतो. शाळेत असताना वडिलांच्या जुन्या गणिताच्या वहीचे एक पान माझ्या हातून फाटले. मी पारदर्शक चिकटपट्टी लावून ते जोडले आणि कामगिरीवर खूश झालो. वीसेक वर्षांनी वही उघडली, तर पट्टीचा पापुद्रा गळून पडला होता आणि त्याखालच्या चार ओळी तपकिरी, तेलकट डागात बुडाल्या होत्या. ते अक्षर आता परत मिळणार नाही.

माशांपासून नक्षीपर्यंत

सहज सुटणाऱ्या कागदी पट्टीची गरज प्रथम मोटारी रंगवणाऱ्यांना भासली. दोन रंगांची मोटार रंगवताना एक रंग झाकण्यासाठी लावलेला कागद काढला, की त्याबरोबर रंगही निघे. अमेरिकेत '३एम' कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली यावर 'मास्किंग टेप' तयार केली. जपानमधील कुराशिकी येथील कामोई ही कंपनी १९२३ साली माशा पकडण्याचा चिकट कागद करण्यासाठी सुरू झाली आणि पुढे अशाच पट्ट्या करू लागली. २००६ साली या पट्ट्यांच्या रंगांवर लुब्ध झालेल्या तीन स्त्रियांनी कारखाना पाहू देण्याची विनंती केली. त्यातूनच २००८ साली नक्षीदार पट्ट्या बाजारात आल्या.

साहित्य आणि कृती

पतंगाचा पातळ कागद, पोस्टर रंग, १२ मिलिमीटर रुंदीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कात्री, चमचा आणि धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा एवढे साहित्य पुरे.

१. कागदावर ठसे उमटवा. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली, की पाच पाकळ्यांचे फूल आयते मिळते. रंग दाट ठेवा. पाणी जास्त झाले तर कागद आकसतो. तो पूर्ण वाळू द्या.

२. कागद उलटा करून त्यावर टेपची चिकट बाजू सरळ रेषेत लावा. वरचा गुळगुळीत संरक्षक कागद काढू नका.

३. चमच्याच्या पाठीने पट्टी घासा आणि कडेने कापून घ्या. पट्टी तयार झाली!

वापरताना संरक्षक कागद सोलून काढायचा. मात्र ही पट्टी फार घट्ट बसते, सहज सुटत नाही. म्हणून लावण्यापूर्वी तिची चिकट बाजू सुती कापडावर दोन-तीनदा दाबून उचला. आता ती कमी धरते. असे का होते?

ना पातळ, ना घट्ट

रेणूंमधील आकर्षण अतिशय थोड्या अंतरावर, मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही कमी अंतरावरच जाणवते. काच आपल्याला गुळगुळीत वाटते, पण दोन काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. म्हणून त्या चिकटत नाहीत. खळ किंवा डिंक ओला असताना खाचाखोचांत शिरतो आणि वाळून घट्ट होतो. पट्टीवरचा गोंद मात्र कधीच वाळत नाही. बोटाने दाबताच खाचांत शिरण्याइतका तो मऊ असतो आणि ओढल्यावर वाहून न जाण्याइतका घट्टही असतो. सारी करामत या मधल्या अवस्थेची आहे.

कापडावर दाबल्यावर गोंदाला बारीक तंतू लागतात आणि प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र घटते. १९६८ साली स्पेन्सर सिल्व्हर यांना सापडलेल्या दुबळ्या गोंदात हे काम सूक्ष्म गोळ्या करतात. ते गोळे कागदाला ठिकठिकाणीच टेकतात. 'पोस्ट-इट' चिठ्ठ्या त्यामुळेच काढता-लावता येतात.

मोजून पहा

दोन स्टुलांवर गुळगुळीत फळी आडवी ठेवा. तिच्या खालच्या बाजूस पट्टी चिकटवून एक टोक लोंबते ठेवा. त्याला दोऱ्याने प्लास्टिकचा पेला बांधा आणि मोजपात्राने थोडेथोडे पाणी ओता. पट्टी सावकाश सुटू लागली की थांबा. १ मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान १ ग्रॅम; त्यात पेल्याचे मिळवा.

समजा, एकूण १२० ग्रॅम भरले. म्हणजे बल सुमारे १.२ न्यूटन. पट्टी जेवढी सुटते तेवढाच पेला खाली येतो. म्हणून १.२ ला ०.०१२ मीटर रुंदीने भागले, की दर चौरस मीटरला १०० ज्यूल ऊर्जा मिळते. आता तुलना करा. पाण्याचा स्तंभ तोडून दोन नवे पृष्ठभाग करायला दर चौरस मीटरला सुमारे ०.१४ ज्यूलच लागतात, आणि गोंद व फळी यांमधील आकर्षणही साधारण याच पातळीचे असते. मग शेकडो पट ऊर्जा गेली कोठे?

पट्टी हळू सोलताना सुटणारी कड भिंगातून पहा. गोंदाचे बारीक धागे ताणले जाताना दिसतील. ऊर्जा हे धागे ताणण्यात खर्च होते आणि शेवटी तिची उष्णता होते. पट्टी भरकन ओढली तर जास्त जोर लागतो, कारण गोंदाला सैल व्हायला वेळ मिळत नाही. म्हणून वहीवरची पट्टी नेहमी सावकाश काढावी.

आता तीच पट्टी कपाटाच्या पत्र्यावर उभी लावून पेला तिच्याच दिशेत टांगा. ती कितीतरी अधिक वजन पेलेल. आधी सारा भार एका कडेवर येत होता, आता तो सबंध क्षेत्रावर वाटला जातो. कापडावर शून्य, दोन, चार वेळा दाबलेल्या पट्ट्यांची नोंद करून आलेखही काढा. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात एका तासात करून घेता येईल.

एक विनंती

माझ्या वडिलांच्या वहीचे काय झाले ते आता कळेल. तसल्या पट्टीवरील रबरी गोंद हवेतील ऑक्सिजनमुळे हळूहळू बदलतो. तो आधी तेलकट होऊन कागदात झिरपतो आणि मग तपकिरी पडतो. म्हणून आपली पट्टी भेटकार्डांवर हौसेने लावा. आजोबांच्या पत्रांवर, जुन्या छायाचित्रांवर वा दाखल्यांवर कोणतीच पट्टी लावू नका. ग्रंथ दुरुस्त करणारे तज्ज्ञ पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. जे जपायचे आहे त्यावर काही लावताना, ते पुढे सुटेल ना, एवढे आधी पहावे.