महाविद्यालयासाठी प्रथमोपचार प्रशिक्षण : निवड कशी करावी?

महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रथमोपचाराची पेटी बहुधा असते. परंतु तिची किल्ली कोणाकडे आहे आणि पेटी उघडल्यावर काय करायचे हे कोणाला येते, याचे उत्तर मिळेलच असे नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाने हा फरक ओळखला होता. त्याच्या कलम 45 मध्ये दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी असावी आणि ती प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, अशी तरतूद होती. महाविद्यालय हा कारखाना नव्हे. तरीही पेटीमागे शिकलेला माणूस हवा, हे तत्त्व आपल्यालाही लागू पडते.

प्रशिक्षण निवडण्यापूर्वी आपल्या आवारातील धोक्यांची यादी करावी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ल अंगावर सांडते, कार्यशाळेत विजेचा धक्का बसतो, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाजते, मैदानावर हाड मोडते. ग्रामीण आवारात सर्पदंशाचीही भीती असते. विद्यार्थ्यांपैकी कोणाला फेफरे किंवा दमा असू शकतो. जो अभ्यासक्रम या यादीला उत्तर देतो, तोच आपला. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि भारतीय रेड क्रॉस या संस्था असे प्रशिक्षण देतात. त्यांच्या जवळच्या शाखेला ही यादी दाखवून चौकशी करावी.

दुसरी कसोटी सरावाची. केवळ व्याख्यान आणि चित्रे दाखवून दिलेले प्रमाणपत्र प्रसंगी उपयोगी पडत नाही. हृदय बंद पडले तर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या माणसालाच हात चालवावे लागतात. प्रौढ व्यक्तीची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाबायची असते. हा जोर वाचून कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थीला सरावाच्या पुतळ्यावर स्वतः दाबून पाहायला मिळेल का, एका तुकडीत किती जण असतील, हे आधीच विचारावे.

चांगला प्रशिक्षक काय करू नये हेही शिकवतो. भाजलेल्या जागी टूथपेस्ट लावू नये, सुमारे 20 मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. फेफरे आलेल्याच्या तोंडात चमचा घालू नये, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये. सर्पदंशाची जागा कापू नये, वर करकचून दोरीही बांधू नये. हे गैरसमज सुशिक्षितांतही आहेत.

तिसरी कसोटी भाषेची, आणि आपल्याकडे ती विशेष महत्त्वाची. अपघाताच्या जागी पहिला पोहोचणारा माणूस बहुधा प्राध्यापक नसतो. तो प्रयोगशाळेचा परिचर, शिपाई, चौकीदार किंवा वसतिगृहाची स्वयंपाकीण असते. बेळगावात कोणी मराठी समजतो, कोणी कन्नड. हैदराबादेत कोणी उर्दू, कोणी तेलुगू. प्रशिक्षण इंग्रजीत झाले तर नेमकी हीच माणसे बाहेर राहतात. त्यांच्या भाषेत सूचना देणारा प्रशिक्षक मागावा. न मिळाल्यास भाषांतराचे काम भाषा विभागाने आपल्याकडे घ्यावे. मुलींच्या विभागात प्रशिक्षित स्त्रिया असाव्यात. मात्र त्या हजर नसतील तर संकोचापायी कोणी हात आखडू नये, हेही वर्गातच स्पष्ट व्हावे.

सुटी आणि रजा लक्षात घेऊन प्रत्येक इमारतीत किमान दोन जण तयार करावेत. शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते, म्हणून दर सत्राच्या आरंभी तासभर उजळणी ठेवावी. प्रशिक्षितांची नावे आणि 112 हा आपत्कालीन क्रमांक सूचनाफलकावर लावावेत.

एवढी व्यवस्था झाली की पेटीला कुलूप लावण्याचे कारण उरत नाही. ती उघडीच असावी.