लूट आणि परतीची वाट : संगणकीय भूमिकाक्रीडांतील दोन यंत्रणांचा परस्परसंबंध

संगणकीय खेळांच्या रचनेविषयी जे लेखन होते त्यात ‘लूट’ हा शब्द पावलोपावली आढळतो. इंग्रजीने तो अठराव्या शतकात हिंदुस्थानातूनच उचलला. त्यामुळे मराठी वाचकास त्याचा परिचय करून देण्याचे कारण नाही. मात्र रचनाकार तो ज्या विशिष्ट अर्थाने योजतात तो थोडा स्पष्ट केला पाहिजे. ‘अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांत खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, भुयारांतून व रानांतून हिंडतो, आणि समोर येणाऱ्या राक्षसांशी प्रत्यक्ष त्या क्षणी लढतो. मारलेल्या राक्षसाच्या जागी शस्त्रे, चिलखते, अंगठ्या, सोने असे काही पडते. ते धारण केल्याने पात्राचे बळ वाढते आणि त्या बळावर अधिक बिकट प्रदेशात शिरता येते. या वस्तूंना आणि त्या कोणत्या प्रमाणात पडाव्यात हे ठरविणाऱ्या नियमांना मिळून लूट म्हणतात.

दुसरी यंत्रणा प्रवासाची. पात्राने किती वेगाने चालावे, किती ओझे वाहावे, गावात परत कसे यावे आणि सोडलेल्या ठिकाणी पुन्हा कसे पोहोचावे, हे तीत येते. वरवर पाहता या दोन यंत्रणा अगदी निराळ्या आहेत. एकीचा संबंध संभाव्यतेच्या गणिताशी, दुसरीचा भूगोलाशी. वस्तुतः त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. जमिनीवर पडलेल्या तलवारीचे मोल तिच्या अंगच्या गुणांनी पुरते ठरत नाही. ती उचलून घरी नेण्यास काय खर्च पडतो यावरही ते ठरते. हा खर्च शून्यावर आणला म्हणजे लुटीचेही स्वरूप पालटते, ही गोष्ट या खेळांच्या चार दशकांच्या इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास आली आहे.

या वंशाचा मूळपुरुष म्हणजे 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी रचलेला ‘रोग’ हा खेळ. अक्षरचिन्हांनी काढलेले त्याचे भुयार प्रत्येक वेळी नव्याने रचले जाई. त्यात गाव नव्हते, दुकान नव्हते. खाली उतरत जावयाचे, सव्विसाव्या तळावरील ताईत हस्तगत करावयाचा आणि मग तेवढेच तळ चढून वर यावयाचे. परतीची वाट हाच तेथे कथेचा उत्तरार्ध होता.

ओक्लाहोमा विद्यापीठात रॉबर्ट कोनेके याने 1983 च्या सुमारास आरंभिलेल्या ‘मोरिया’ या खेळात भुयाराच्या माथ्यावर दुकानांसह एक गाव आले, आणि त्याबरोबर खरी समस्याही आली. वस्तूंना वजन होते. विक्री मात्र गावातच होई. यावर उपाय म्हणून एक मंत्रपत्र योजण्यात आले. ते वाचले असता पात्र भुयारातून गावात येई, आणि गावात वाचले असता पूर्वी गाठलेल्या खोलीवर परत जाई. या मंत्रपत्राची खरी खुबी त्याच्या विलंबात आहे. वाचल्याबरोबर काहीच घडत नसे; काही खेळ्या जाव्या लागत, आणि त्या नेमक्या किती हे आधी कळत नसे. परिणामी ते संकटातून निसटण्याचे साधन होऊ शकत नव्हते. ‘आता पुरे’ हा निर्णय संकट येण्यापूर्वीच घ्यावा लागे. इतक्या अल्प सामग्रीतून एवढा मोठा परिणाम साधणारे दुसरे उदाहरण या क्षेत्रात सहसा सापडत नाही.

डेव्हिड ब्रेव्हिक याने या पूर्वसूरींपासून स्फूर्ती घेऊनच ‘डायब्लो’ची कल्पना केली होती. आरंभी आळीपाळीने खेळ्या करण्याचा हा खेळ पुढे अखंड गतीचा झाला आणि 1996 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ट्रिस्ट्रम हे गाव आणि तेथील देवालयाखालची सोळा तळांची भुयारे एवढाच त्याचा विस्तार. गावी परतण्याचे मंत्रपत्र येथेही आहे. परंतु ते वाचताच निळसर दार उघडते आणि त्याच दाराने परतही येता येते. विलंब गेला, राहिला तो मंत्रपत्राचा खर्च आणि पिशवीची मर्यादा. ही पिशवी चाळीस खणांची. अंगठीस एक खण पुरतो, चिलखतास सहा लागतात. सोन्यालासुद्धा जागा द्यावी लागे; एका खणात पाच हजार मोहरा. म्हणजे पात्र जसजसे श्रीमंत होई तसतशी त्याची लूट वाहण्याची शक्ती घटत जाई. मूळ खेळात पेटीची सोय नसल्याने एकट्याने खेळणारे खेळाडू ट्रिस्ट्रमच्या चौकात जमिनीवरच सोन्याचे ढीग मांडून ठेवीत. रचनाकारांनी न आखलेला हा खजिना पाहिला म्हणजे मर्यादा खेळाडूस कसा कल्पक करते ते दिसते.

तथापि सर्वच अडथळे सारखे नसतात. ट्रिस्ट्रममध्ये लोहाराकडून चेटकिणीकडे जावयाचे म्हणजे नदीपलीकडे सावकाश पावले टाकीत जावे लागे. त्या वाटेवर धोका नाही, निवड नाही, केवळ कालव्यय आहे. पुढील वर्षीच्या ‘हेलफायर’ या पुरवणीत गावात धावण्याची सोय करण्यात आली, आणि त्यामुळे कशाचीही हानी झाली नाही. खेळाडूस काही ठरवावयास लावणारा अडथळा आणि केवळ त्याचा वेळ खाणारा अडथळा यांतला भेद येथे स्पष्ट होतो. तो न ओळखता दोन्ही एकदमच काढून टाकण्याची चूक पुढे झाली.

लुटीच्या आकर्षणाचे स्पष्टीकरण देताना फर्स्टर व स्किनर यांच्या 1957 च्या प्रबलन-वेळापत्रकांवरील ग्रंथाचा हवाला देण्याची प्रथा आहे. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस प्राण्यास अधिक चिकाटीने काम करावयास लावते, हा सिद्धांत येथेही लागू पडतो यात शंका नाही. पण तो अर्धाच भाग सांगतो. स्किनरच्या कबुतराला मिळालेला दाणा घरी वाहून न्यावा लागत नसे.

सन 2000 मध्ये आलेल्या ‘डायब्लो 2’ ने लुटीच्या गणितास शास्त्रशुद्ध रूप दिले. राक्षस पडला की प्रथम काही पडावे की नाही हेच ठरते. खेळात सहभागी माणसे जितकी अधिक तितकी ‘काहीच नाही’ याची शक्यता कमी. त्यानंतर त्या राक्षसासाठी नेमलेल्या वर्गातून पोटवर्ग, पोटवर्गातून वस्तू अशी निवड होत जाते. शेवटी दर्जा ठरतो : वस्तू अद्वितीय आहे काय, नसल्यास संचातली आहे काय, नसल्यास दुर्मिळ, नसल्यास जादूची, आणि तीही नसल्यास साधी. काही वस्तूंच्या अंगी उत्तम दर्जाची शक्यता वाढविण्याचा गुण असतो. त्यास येथे शोधगुण म्हणू. अद्वितीय वस्तूंच्या बाबतीत हा गुण पूर्ण लाभत नाही. त्यास 250 ने गुणून, त्यातच 250 मिळवून येणाऱ्या बेरजेने भागावयाचे, म्हणजे प्रत्यक्ष परिणाम मिळतो. 250 टक्के शोधगुणाचे 125 होतात, आणि 500 टक्क्यांचे सुमारे 167 च.

याच खेळात प्रवासासाठी ‘वेपॉइंट’ नावाची ठाणी आली. एकदा पायी पोहोचून ठाणे जागे केले की पुढे कोणत्याही जागृत ठाण्यावरून तेथे क्षणात जाता येते. मंत्रपत्राच्या दारासारखे ते हवे तेथे उघडत नाही. ठाण्यापासून पुढची वाट चालावीच लागते. आता हे दोन्ही नियम एकत्र आणून पाहावेत. मेफिस्टो हा राक्षस तुरुंगाच्या तिसऱ्या तळावर राहतो आणि ठाणे आहे दुसऱ्या तळावर. बॅटल नेटवर प्रत्येक नव्या खेळात त्या तळाची रचना बदलते. जिना शोधावा लागतो. समजा, एका फेरीस पाच मिनिटे लागतात आणि त्यांतली तीन चालण्यात जातात. खेळाडूने मोठ्या कष्टाने शोधगुण 250 वरून 500 वर नेला तर अद्वितीय वस्तूची शक्यता सव्वादोन पटींवरून सुमारे 2.67 पटींवर जाते. वाढ साडेअठरा टक्क्यांची. तेच चालण्याचा वेळ निम्मा केला तर फेरी साडेतीन मिनिटांची होते आणि तासाभरातील फेऱ्या सुमारे 43 टक्क्यांनी वाढतात. लुटीचा दर वाढविण्याचा उत्तम मार्ग लुटीच्या नियमांत नसून प्रवासाच्या नियमांत होता.

हा हिशेब खेळाडूंनी फार लवकर ओळखला. म्हणूनच क्षणात स्थलांतर करण्याची विद्या जिला जन्मतः शक्य, ती जादूगारीण लूट गोळा करण्यासाठी सर्वांच्या पसंतीस उतरली. पुढे 2003 मधील 1.10 या सुधारित आवृत्तीत ‘एनिग्मा’ नावाचे चिलखत आले. जाह, इथ व बेर या तीन रूनी चिलखतात बसविल्या असता तीच विद्या कोणत्याही पात्रास लाभे. जाह आणि बेर या अत्यंत विरळ. तरी त्यांच्यामागे लोक महिनोन्‌महिने लागले. सर्वांत मोलाची लूट कोणती, तर प्रवास टाळणारी. खेळाच्या अर्थव्यवस्थेने दोन्ही यंत्रणांचे ऐक्य याहून स्पष्ट शब्दांत सांगितले नसते.

पिशवीबाबतही ‘डायब्लो 2’ च्या 2001 च्या पुरवणीने एक मार्मिक योजना केली. तीत आलेले ताईत पिशवीत बाळगले तरच फळ देतात. जितके ताईत अधिक तितके बळ अधिक, आणि लुटीसाठी जागा तितकी कमी. सोन्याने खण अडविण्याची जुनी युक्ती येथे अधिक सुजाण रूपाने परतली. कारण आता मोकळा खण ठेवणे हीच एक निवड झाली.

इतरांनी ओझे दुसऱ्याच्या पाठीवर देऊन पाहिले. 2002 च्या ‘डन्जन सीज’मध्ये चक्क खेचर विकत घेता येई, पण ते पथकातील एका माणसाची जागा अडवी. 2009 च्या ‘टॉर्चलाइट’मध्ये सोबतचा पाळीव प्राणी नको असलेली लूट पाठीवर घेऊन गावात जातो, विकून येतो, तेवढा वेळ लढाईत त्याची साथ नसते. दोन्ही ठिकाणी खर्च नाहीसा झाला नाही, फक्त त्याचे नाणे बदलले.

‘डायब्लो 3’ मध्ये, 2012 साली, निराळे घडले. गावी परतणे फुकट झाले. क्षणभर स्थिर उभे राहिले की पुरे. वस्तूंना एक किंवा दोन खण लागू लागले. सोने त्यावरून चालत गेले तरी गोळा होई. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहता सुखकरच होता. पण त्यांच्या जोडीस लिलावघर आले, जेथे अन्य खेळाडूंना सापडलेली वस्तू खेळातील सोन्याने, आणि थोड्याच दिवसांत खऱ्या पैशानेही, विकत घेता येऊ लागली. लिलावघर हे बाजाराचे साधन मानले जाते. परंतु या विवेचनाच्या दृष्टीने ते प्रवासाचेच साधन होते. जगभरातील कोणत्याही भुयारातून वस्तू खेळाडूच्या पेटीत येण्याचे अंतर त्याने शून्यावर आणले. त्याचा परिणाम असा की स्वतःच्या हाताने मारलेल्या राक्षसापाशी पडलेली वस्तू लाखो अनोळखी लोकांच्या लुटीशी तोलली जाऊ लागली आणि बहुतेक वेळा हलकी ठरली. लूट पडतच होती. तिच्याकडे वाकून पाहण्याचे कारण उरले नव्हते. लिलावघर खेळाच्या गाभ्यालाच बाधक ठरत असल्याची कबुली देऊन कंपनीने 18 मार्च 2014 रोजी ते बंद केले. त्याआधी काही दिवस लुटीचे नियम बदलून वस्तूंची संख्या कमी करण्यात आली आणि त्या खेळाडूच्या पात्रास साजेशा पडतील अशी व्यवस्था झाली.

या दुरुस्तीचे कौतुक होते ते योग्यच आहे. तरी ती एकांगी आहे. लूट दाराशी आणून देण्याचे धोरण तिने सोडले नाही, केवळ मध्यस्थ काढून टाकला.

न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेल्या आणि 2013 मध्ये पूर्णत्वास आलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ने उलट मार्ग धरला. त्यात प्रथम अनेक वर्षे सोने नव्हतेच. वस्तू ओळखण्याची व परतीची मंत्रपत्रे, आणि वस्तूंचे गुण पालटणारे गोलक, यांतूनच चलन निर्माण झाले. म्हणजे परतीच्या वाटेलाही बाजारभाव होता. खणांचे आकार लहानमोठे ठेवून पिशवी मुद्दाम अपुरी राखली गेली. खेळाडूंतील व्यापारही बरीच वर्षे हेतुपुरस्सर अवघड होता : विक्रेत्यास निरोप धाडावयाचा, त्याच्या ठिकाणी जावयाचे, समोरासमोर देवघेव करावयाची. सोपा व्यापार लुटीचे मोल खाऊन टाकतो, ही त्यामागील भूमिका निर्मात्यांनी उघडपणे मांडली होती. लूट मात्र एवढी पडे की जमीन नावांच्या पाट्यांनी झाकून जाई; नको त्या वस्तू दृष्टिआड करणारी चाळणी वापरल्यावाचून अनुभवी खेळाडूचे पान हलत नाही. पाठीवरचे ओझे डोळ्यांवर गेले, असे म्हणावे लागते, आणि हा या रचनेतील उणा भागच होय.

तिच्यातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग निराळाच आहे. अंतिम टप्प्यातील ‘नकाशे’ उघडण्याच्या मूळ योजनेत एका नकाशास सहा दारे मिळतात. आत शिरताना एक दार खर्च होते. पात्र मेले तर पुन्हा आत जाण्यास आणखी एक लागते; आणि भरलेली पिशवी पेटीत रिकामी करून परतावयाचे म्हटले तरी एकच. वाहतुकीचे भाडे आणि आयुष्य येथे एकाच नाण्यात मोजले जातात. निर्धास्त खेळाडू लुटीच्या मागे तीन-चार दारे सहज उडवितो. पण शेवटचा राक्षस अजून शिल्लक आहे, दोन दारे उरली आहेत, पिशवीत सहा खण मोकळे नाहीत आणि समोर चिलखत पडले आहे, अशा वेळी तोच खेळाडू थांबतो, पिशवी उघडतो आणि पूर्वी उचललेल्यांपैकी काय टाकून द्यावे हे पाहू लागतो.