जुन्या पिकअपमधील सहा सिलिंडरचे एंजिन आणि टर्बोचार्जर : प्रश्न हवेचा की उष्णतेचा?

प्रास्ताविक : अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या एफ मालिकेतील पिकअप ट्रकांमध्ये १९६५ ते १९९६ या काळात एका रांगेत सहा सिलिंडर असलेले ३०० घन इंची, म्हणजे ४.९ लिटरचे, पेट्रोल एंजिन उपलब्ध होते. वेगापेक्षा ओढीसाठी घडविलेले हे यंत्र. १९८७ पासूनच्या इंधन-अंतःक्षेपण आवृत्तीतही त्याची शक्ती सुमारे १५० अश्वशक्ती एवढीच होती. मात्र मिनिटाला अवघ्या २,००० फेऱ्यांच्या आसपास ते सुमारे ३५० न्यूटन-मीटर पीळ देत असे. आज हे ट्रक हौसेने जतन केले जातात आणि त्यांवर टर्बोचार्जर बसविण्याचा मोह अनेक मालकांना होतो. ‘एंजिन दणकट आहे, सहन करील’ हा त्यामागील नेहमीचा युक्तिवाद होय. तो अर्धाच खरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उरलेला अर्धा भाग कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एंजिनाची घडण : दणकटपणाविषयी वाद नाही. ठोकळा व शीर्ष दोन्ही ओतीव लोखंडाचे, क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंगांचा आधार, आणि कॅमशाफ्ट फिरविण्यासाठी साखळीऐवजी दातेरी चाके. (हलक्या ट्रकांमध्ये कॅमशाफ्टवरील चाक बहुधा तंतुमय राळेचे असे, ते पोलादी चाकाने बदललेले बरे.) सरळ सहा सिलिंडरच्या रचनेत प्राथमिक व द्वितीयक बले एकमेकांस छेदतात, म्हणून कंपन अत्यल्प असते.

टर्बोच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट ज्वलनक्रमात आहे. हा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. म्हणजे पुढील तीन व मागील तीन सिलिंडर आळीपाळीने पेटतात. प्रत्येक गटाचे निष्कास वायू स्वतंत्र नळीतून टर्बाइनपर्यंत नेले, तर त्या नळीतील दोन स्पंदांमध्ये २४० अंशांचे अंतर राहते आणि एका सिलिंडरचा उच्छ्वास दुसऱ्याच्या मार्गात अडसर होत नाही. १९८७ नंतरच्या आवृत्तीत निष्कास नलिकासंच मुळातच तीन-तीन सिलिंडरांसाठी विभागलेला होता.

दोष आहे तो शीर्षात. अंतर्ग्रहण व निष्कास हे दोन्ही मार्ग एकाच बाजूस आहेत. कार्बुरेटरच्या काळात थंडीत मिश्रण गरम व्हावे म्हणून ही जवळीक उपयोगी पडे. टर्बो बसविल्यावर तीच अंगाशी येते.

उष्णतेचा हिशेब : टर्बोचार्जर शक्ती ‘निर्माण’ करतो ही समजूत विद्यार्थ्यांमध्येही आढळते. वस्तुतः तो केवळ अधिक हवा कोंबतो, आणि हवा दाबली की तापते. वातावरणाहून अर्धा बार अधिक दाब घेऊ. म्हणजे दाबाचे गुणोत्तर १.५ झाले. बाहेरील हवा २७° से. असेल आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा सुमारे ५३ अंशांनी तापून ८०° से.पर्यंत जाते. त्यामुळे घनता दीडपट न होता जेमतेम १.२७ पट होते. इंटरकूलरने हीच हवा ४५° से.पर्यंत निवविली आणि त्यातील दाबघट दुर्लक्षिली, तर घनता १.४१ पट होते.

परंतु घनतेपेक्षा मोठा मुद्दा पुढेच आहे. संपीडन गुणोत्तर आठ मानल्यास सिलिंडरात शिरलेल्या मिश्रणाचे निरपेक्ष तापमान दट्ट्या वर येईपर्यंत सुमारे दुप्पट होते. साहजिकच प्रवेशावेळचे ५३ अंश ठिणगीच्या सुमारास ११० अंशांच्या घरात जातात. इंटरकूलर असल्यास ही वाढ ३७ अंशांवर राहते. दाब तर दोन्ही प्रसंगी वाढलेलाच असतो. अशा स्थितीत ज्वालेपुढील मिश्रण आपोआप पेटते. नॉकिंग म्हणतात ते हेच. त्यापुढे सात बेअरिंगे काय करणार? भोक पडते ते दट्ट्याला, फाटते ते शीर्षाचे गॅस्केट. डीझेल एंजिनात इंधन ऐनवेळी फवारले जात असल्याने हे संकट नसते. ट्रकांच्या जगात टर्बो आधी डीझेलवर रुळला, याचे एक कारण हेच होय.

इतिहासही हेच सांगतो. १९६२ च्या ओल्ड्समोबील जेटफायर या टर्बोयुक्त मोटारीचे संपीडन गुणोत्तर १०.२५ होते. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय तीत होती. ती टाकी भरण्याकडे अनेक मालकांनी दुर्लक्ष केले आणि पुढे कित्येक गाड्यांवरील टर्बो काढून टाकण्यात आले.

जुळवणी : इंटरकूलर, दाबाखाली ठिणगी मागे घेणे आणि मिश्रण समृद्ध ठेवणे या तीन गोष्टींवाचून अर्ध्या बारचाही विचार करू नये. कार्बुरेटर असल्यास तो टर्बोच्या आधी ठेवायचा की नंतर, हा प्रश्न येतो. आधी ठेवल्यास टर्बोमधून ज्वलनशील मिश्रण जाते. मग इंटरकूलर वापरता येत नाही, कारण त्यात पेट्रोल साचते आणि स्फोटाचा धोका उरतो. नंतर ठेवल्यास कार्बुरेटरच्या इंधनकक्षावरही टर्बोचा दाब पोहोचवावा लागतो आणि पंपाचा दाब त्याहून सतत अधिक राखावा लागतो. कटकटीची असली तरी दुसरी रचनाच ग्राह्य होय.

टर्बाइन लहान निवडावी. ३,४०० फेऱ्यांना हे एंजिन मिनिटाला सुमारे ८ किलोग्रॅम हवा घेते. वरील हिशेबाने ती ११ पर्यंत जाईल. उच्च फेऱ्यांची हाव धरून मोठी टर्बाइन लावली, तर कमी फेऱ्यांना ती जागीच होत नाही आणि एंजिनाचा मूळ गुणच हरवतो. हवा चाळीस टक्के वाढली म्हणून शक्तीही तेवढीच वाढेल असे नाही. मागे घेतलेली ठिणगी आणि निष्कासातील वाढलेला दाब आपला वाटा घेतातच.

राहता राहिले वंगण. मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणाऱ्या टर्बोच्या दांड्याला एंजिनाचेच तेल पुरविले जाते आणि तेथून ते फेसाळलेल्या अवस्थेत केवळ गुरुत्वाने परत येते. म्हणून परतीची नळी रुंद, उतरती आणि तेलपात्रातील पातळीच्या वर उघडणारी हवी. त्यासाठी तेलपात्राला छिद्र पाडणे भाग पडते. जतनाच्या दृष्टीने मूळ पात्र, मूळ नलिकासंच व कार्बुरेटर काढून जपून ठेवावेत आणि छिद्र दुसऱ्या पात्राला पाडावे, म्हणजे पुढील मालकास हवे तर ट्रक पूर्वस्थितीत आणता येतो.