बाभूळ : काटे सोडून बाकी सगळा माल

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तिथल्या पाणथळीत पाणी चढले तरी बाभळी उभ्या असतात. काळ्या मातीत, पुरात आणि दलदलीत तग धरणारे, कडक उन्हाळाही काढणारे हे आपल्या मुलखातले झाड आहे. त्याच्या प्रत्येक भागावर कुणा ना कुणा कारीगराची रोजी चालत आली. मात्र माल ओळखून घेतला तरच त्यात बरकत आहे.

लाकूड : बाभळीचा तांबूस गाभा सागापेक्षा जड आणि कठीण असतो. बैलगाडीची चाके, नांगर, तेलघाणा यांना पूर्वी हेच लाकूड लागे. आता गाडीला टायर आले, तरी कुऱ्हाड, हातोडा, कुदळ यांच्या दांड्यांना ते आजही चालते. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला कीड लवकर लागते, म्हणून दांड्यासाठी गाभाच घ्यावा. ओंडके काही महिने तळ्यात बुडवून मग सावलीत वाळवण्याची जुनी रीत आहे. अशा मुरलेल्या लाकडाला कीड कमी लागते. उरलेल्या तुकड्यांचा कोळसा उत्तम होतो.

साल : सालीत साधारण १२ ते २० टक्के टॅनिन असते. कातडे कमावायला ते उपयोगी पडते. क्रोमची पद्धत आल्यावर मागणी घटली, पण कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला बाभळीची साल आणि हिरडा आजही वापरतात.

शेंगा आणि डिंक : हा आम्हां कापडवाल्यांच्या जवळचा विषय. शेंगांच्या काढ्यात हिराकस मिसळला की काळा रंग तयार होतो. ठशांच्या छपाईत रंग दाट करायला बाभळीचा डिंक घालतात. खरेदीपूर्वी चिमूटभर डिंक रात्रभर पाण्यात ठेवावा. बाभळीचा विरघळतो. जेलीसारखा नुसता फुगला तर तो कतीरा समजावा. 

ओळख : पुष्कळांची फसगत वेड्या बाभळीने होते. ती एकोणिसाव्या शतकात परदेशातून आली. तिचा कोळसा चांगला होतो, पण देशी बाभळीची साल मागितली असता तिची साल घेऊ नये. देशी बाभळीची फुले पिवळी, गोल गोंड्यासारखी आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी दाण्यादाण्यावर आवळलेली असते. वेडीचा फुलोरा लांब तुऱ्यासारखा, शेंग पिवळसर आणि सलग असते.

तोड : नांदूर मध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरले. तिथल्या झाडाला हात लावता येत नाही. खरेदी शेताच्या बांधावरच्या, मालकीच्या झाडांचीच करावी आणि सौद्याआधी तोडीच्या व वाहतुकीच्या परवान्याची चौकशी वनखात्याकडे करावी.

झाड तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. ज्यांची स्वतःची जमीन ओढ्याकाठी आहे, त्यांनी पावसाच्या तोंडावर बी टाकावे. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर लेंड्यांतून पडलेले बी लवकर उगवते, आणि त्याला खर्च काही नाही.