चुन्यात उमलणारा मका

मेक्सिकोच्या नैऋत्येकडच्या गेरेरो राज्यात गुरुवार हा पोसोलेचा वार. दुपार झाली की खानावळी भरू लागतात आणि प्रत्येकापुढे मोठा खोलगट वाडगा येतो. मांसाच्या दाट रश्शात मक्याचे टपोरे पांढरे दाणे, तेही पाकळ्यांसारखे उघडलेले. 16 सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. त्याच्या आदल्या रात्री देशभर कितीतरी घरांत हेच शिजतं. पोसोलेला सूप म्हणायचं ते नावापुरतं. एका वाडग्यात पोट भरतं. आणि हे सूप जमलं की फसलं, हे मांसावर नव्हे तर चमचाभर चुन्यावर ठरतं.

पोसोलेसाठी कुठलाही मका चालत नाही. काकावासिंत्ले नावाचा जाड, पिठूळ, पांढऱ्या दाण्याचा मका लागतो. तो वाळवलेला असतो आणि त्याची साल इतकी चिवट, की नुसत्या पाण्यात तासन्‌तास उकळूनही ती निघत नाही. म्हणून अर्धा किलो मक्याला साधारण दोन लिटर पाणी आणि चमचाभर चुना घेतात. हा चुना म्हणजे आपण विड्याला लावतो तोच, खाण्याचा. पाणी गरम होत आलं की दाणे पिवळे पडतात. अर्ध्या तासाच्या आत साल सैल होते. मग भांडं खाली उतरवून थोडा वेळ झाकून ठेवतात, दाणे हातांनी चोळतात आणि साल व चुना पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलत धुतात. असा चुन्यातून काढलेला मका म्हणजे निश्तामाल. तोर्तिया आणि तामाल यांचं पीठही त्याचंच.

पोसोलेला याहून एक पायरी जास्त आहे, आणि चिकाटी लागते ती तिथेच. दाणा कणसाला जिथं चिकटलेला असतो, तिथलं टणक टोक एकेका दाण्याचं नखाने खुडायचं. ते राहिलं तर दाणा नुसता फुगतो. काढलं तर शिजताना उमलतो. घरातली चार माणसं घमेल्याभोवती बसून हे काम उरकतात. त्यानंतर दाणे साध्या पाण्यात मंद आचेवर तीन-चार तास शिजतात. मीठ शेवटी, दाणे उमलल्यावर. डुकराचं डोकं, पाय, खांद्याचं मांस, कांदा आणि अख्खा लसणाचा गड्डा याच रटरटण्यात पडतात. हाडांतला चिकटपणा उतरला की रस्सा अंगाला येतो.

इथून तीन वाटा फुटतात. पांढऱ्या पोसोलेत वेगळं वाटण नसतं. तिखट ज्याने त्याने ताटाशी घालायचं. हालिस्को राज्याचं पोसोले लाल. गुआहियो आणि आंचो या सुक्या मिरच्यांच्या बिया काढून, त्या गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटतात, गाळतात आणि परतून रश्शात सोडतात. या मिरच्या रंग भरपूर देतात, जाळ कमी. गेरेरोचा मान हिरव्याला. त्यात भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, हिरव्या मिरच्या आणि तोमातियो वाटून घालतात. तोमातियो हे रसभरीच्या कुळातलं आंबट हिरवं फळ. वासाला एपासोते, म्हणजे चाकवताच्या नात्यातली उग्र पाला असलेली वनस्पती.

वाडगा पुढ्यात आला की वरून बारीक चिरलेला कोबी किंवा सॅलडची पानं, मुळ्याच्या चकत्या, कच्चा कांदा, हातावर चुरडलेलं ओरेगानो आणि लिंबू. सोबत तोस्तादा, म्हणजे कुरकुरीत तोर्तिया. गेरेरोत अव्होकाडो आणि डुकराच्या तळलेल्या सालीचे तुकडेही असतात. शिजलेल्या जड रश्शावर कच्च्या भाज्यांचा हा थर शोभेचा नाही. तो नसेल तर दुसरा घास जड जातो.

डुक्कर मेक्सिकोत आलं ते 16व्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. मका तिथलाच. सुमारे 9000 वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या रानगवतापासून माणसाने तो घडवला. याच गेरेरोतल्या एका खडकाच्या आडोशाला, वाटायच्या दगडांवर, सुमारे 8700 वर्षांपूर्वीच्या मक्याचे कण सापडले आहेत.

चुना केवळ साल काढत नाही. मक्यातलं नायासिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, अशा रूपात बांधलेलं असतं की ते आपल्या पोटाला लागत नाही. चुन्याचं पाणी ते मोकळं करतं आणि दाण्यात कॅल्शियमही भरतं. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला. चुना मागेच राहिला. गोरगरीब मक्यावरच जगू लागले, तिथं पेलाग्रा हा रोग आला: कातडी सोलवटणं, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रंश. 1735 मध्ये स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्याने त्याची लक्षणं नोंदवली. 20व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले. हा दोष जंतूंचा नसून आहाराचा आहे, हे डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवलं. नेमकं जीवनसत्त्व कळलं ते 1937 मध्ये. मेक्सिकोतल्या बायका मात्र पिढ्यान्‌पिढ्या मक्यात चुना घालत होत्या.

घरी करायचं असेल तर स्वीटकॉर्न घेऊ नका. पूर्ण वाळलेला, मोठ्या दाण्याचा पांढरा मका घ्या. चुना खाण्याचाच हवा आणि भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमला चुना खातो. डुकराऐवजी कोंबडी चालते, मेक्सिकोतही चालते. लाल रंगाला बेडगी मिरची उत्तम. बाकी सगळं बदललं तरी हरकत नाही, पण चुन्याची पायरी गाळू नका. परक्या देशाचं धान्य घेताना ते शिजवायची रीतही घ्यावी. ती न घेतल्याची किंमत जगाने एकदा मोजली आहे.